वडिलोपार्जित लेथयंत्र

वडिलोपार्जित वस्तूंपैकीं जमीन, दागिने व भांडीं यांची मोजदाद कागदावर होते; हत्यारांची सहसा होत नाहीं. आजोबांचा रंधा, करवत किंवा पटाशी माळ्यावर पडून राहते, आणि घर बदलण्याची वेळ आली म्हणजेच तिची आठवण होते. हत्यार लहान असलें तर तें एखाद्या पेटींत मावतें व प्रश्न पुढें ढकलला जातो. परंतु लांकूड कांतण्याचें यंत्र, ज्याला आतां सर्वजण लेथ म्हणतात तें, वारशानें आलें म्हणजे प्रश्न पुढें ढकलतां येत नाहीं. तें जड असतें, जागा अडवितें आणि चालू नसल्यास कसलाहि उपयोग देत नाहीं. भंगार विकत घेणारा त्याची किंमत वजनावर ठरवितो. घरच्या माणसांना ती किंमत पटत नाहीं, पण दुसरी किंमत सांगतांहि येत नाहीं.

नवी मुंबईंतील जुईनगरसारख्या वसाहतींत ही अडचण विशेष समजण्याजोगी आहे. सिडको ही संस्था १७ मार्च १९७० रोजीं स्थापन झाली आणि खाडीपलीकडे नवें शहर वसूं लागलें. सानपाडा व नेरुळ या स्टेशनांच्या मध्यें असलेलें जुईनगर हा त्याच शहराचा भाग. जवळच ठाणें-बेलापूर रस्त्याचा कारखान्यांचा पट्टा. कोंकणांतून, देशावरून आणि मुंबईच्या चाळींतून आलेलीं कुटुंबें अशा वसाहतींत दोन-तीन खोल्यांच्या घरांत राहूं लागलीं. गांवच्या घराला पडवी होती, मागील दार होतें, भुसा उडाला तरी कोणाची तक्रार नव्हती. येथें भिंतीपलीकडे शेजारी आहे आणि खाडीवरून येणारा खारा, दमट वारा आहे. उघड्या लोखंडावर एका पावसाळ्यांत तांबेरा चढतो. गांवचें घर मोडल्यावर कातकामाचें जुनें यंत्र अशा घरीं आलें, तर तें पुन्हां चालेल काय, आणि चालवावें काय, हे दोन प्रश्न एकदमच उभे राहतात.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर बहुधा होकारार्थी असतें. लांकडाच्या लेथची रचना इतकी साधी आहे कीं तें पूर्ण निकामी होणें कठीण. परंतु यंत्र चालू होणें ही एक गोष्ट आणि त्यावर काम करतां येणें ही दुसरी. पहिली गोष्ट तेल, पट्टा व थोडी चिकाटी यांनीं साधते. दुसरी कशानें साधते हें कळावयास या यंत्राचा इतिहास थोडासा तरी पाहिला पाहिजे.

मराठींत सूतहि कांततात आणि लांकूडहि कांततात. संस्कृतांत कृत् या रूपाचे धातु तोडणें आणि सूत काढणें अशा दोन्ही अर्थीं सांपडतात. दोन्ही कामांत वस्तु फिरत असते आणि माणसाचा हात स्थिर असतो, हेंहि लक्षांत घेण्याजोगें आहे. लांकूड व हस्तिदंत कांतणारा तो कांतारी. त्याच्या हातच्या वस्तु मराठी घरांत जन्मापासून भेटतात. पाळण्याचे खांब आणि त्यावर टांगावयाचीं रंगीत खेळणीं, भोंवरा, भातुकलीचीं भांडीं, टिपऱ्या, लाटणें, बुद्धिबळांतील मोहरीं, पलंगाचे पाय, जिन्याच्या कठड्याचे दांडे, तबल्याचें खोड, हीं सर्व कांतीव कामें. रेखीव चेहऱ्याला मराठी माणूस ‘कांतीव’ म्हणतो, तेव्हां त्याच्या नकळत तो या कारागिराचीच उपमा वापरीत असतो.

या कारागिराचें जुनें देशी यंत्र पाहिलें तर त्याला यंत्र म्हणावें कीं नाहीं अशी शंका यावी. जमिनींत किंवा जाड फळीवर दोन ठोकळे समोरासमोर बसवावयाचे. प्रत्येकांत एक अणकुचीदार लोखंडी खिळा. त्या दोन अणींच्या मध्यें लांकडाचा तुकडा अडकवावयाचा आणि त्याला दोरीचे एक-दोन वेढे द्यावयाचे. दोरीचीं टोंकें आळीपाळीनें ओढलीं कीं तुकडा एकदां पुढें व एकदां मागें फिरतो. कांतारी जमिनीवर बसतो, आडव्या पट्टीवर हत्यार टेकवितो आणि लांकूड त्याच्याकडे फिरत येईल तेवढ्याच क्षणीं धार लावतो. उलट फेऱ्याला हत्यार किंचित् मागें घेतो. कांहीं कारागीर दोरीऐवजीं कमान वापरीत. एका हातानें कमान ओढावयाची, दुसऱ्या हातानें हत्यार धरावयाचें आणि पायाच्या बोटांनीं तें सांवरावयाचें. परंतु मोठ्या कामाला दोरी ओढण्यासाठीं दुसरें माणूस लागेच.

ही दोन माणसांची व्यवस्था फार पुरातन आहे. मिसर देशांत पेटोसायरिस नांवाच्या धर्माधिकाऱ्याच्या थडग्यांत, इसवी सनापूर्वीं सुमारें ३०० वर्षांच्या काळांतील एक कोरीव चित्र आहे. त्यांत एक मनुष्य पट्टा ओढून लांकूड फिरवीत आहे व दुसरा हत्यार धरून बसला आहे. युरोपांत मध्ययुगांत दुसऱ्या माणसाची जागा लवचिक काठीनें घेतली. वर एक लांब काठी, खालीं पायानें दाबावयाची फळी, आणि मध्यें दोरी. पाय दाबला कीं लांकूड पुढें फिरे; पाय सोडला कीं काठी दोरीला परत ओढून घेई. पुढें जड चाक व पायटा आला. लिओनार्दो दा विंची याच्या पंधराव्या शतकाच्या अखेरीच्या टिपणांत असें चाकाचें यंत्र रेखाटलेलें आहे. चाकामुळें लांकूड एकाच दिशेनें अखंड फिरूं लागलें आणि कारागिराला उलट फेऱ्याची वाट पाहावी लागली नाहीं. इ. स. १८०० च्या सुमारास हेन्री मॉड्स्ले या इंग्रज यंत्रज्ञानें हत्यार माणसाच्या हातांतून काढून सरकत्या लोखंडी गाड्यावर बसविलें आणि धातु अचूक कांतणें शक्य झालें. तेथून धातूचा लेथ व लांकडाचा लेथ यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. लांकडाच्या लेथवर हत्यार हातांतच राहिलें.

आपल्याकडे रेल्वेच्या कारखान्यांबरोबर, तांत्रिक शाळांबरोबर आणि पुढें विजेच्या मोटारीबरोबर नवें यंत्र आलें. मुंबईस १८८७ सालीं स्थापन झालेली व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट आणि बडोद्यास १८९० सालीं निघालेलें कलाभवन या संस्थांनीं यंत्रविद्या शाळेच्या वर्गांत आणली. कांतारी मात्र आपल्या घरींच शिकत आला होता, आणि या ठिकाणीं एक बारीक पण महत्त्वाचा फरक पडला. दोरी ओढणारा तो दुसरा माणूस पुष्कळदां कारागिराचा मुलगा, धाकटा भाऊ किंवा शिकाऊ पोर असे. त्याचें काम कंटाळवाणें असे, पण त्या कामाच्या निमित्तानें तो दिवसभर उस्तादाच्या समोर बसे. हत्यार कोणत्या कोनांत धरलें, धार बोथट झाल्याचें आवाजावरून कसें ओळखलें, गांठ आली तेव्हां हात कसा हलका केला, हें सर्व तो न शिकवितां शिके. मोटार आली आणि त्याची दोरी सुटली. तो शाळेंत गेला, नोकरीला लागला, त्याचें कल्याणच झालें; त्याबद्दल खेद करण्याचें कारण नाहीं. परंतु समोरची ती बैठक रिकामी राहिली, आणि पुढें वारशानें यंत्र आलें तें हाताशिवाय आलें.

ती बैठक रिकामी राहिली म्हणजे काय होतें, आणि ती पुन्हां भरतां येते काय, याचें उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. जुईनगरहून पनवेलला जाऊन कोंकण रेल्वेनें दक्षिणेस निघालें म्हणजे गोव्याची हद्द येण्यापूर्वीं सावंतवाडी लागते. भोसले घराण्याच्या या जुन्या संस्थानाची राजधानी आज सिंधुदुर्ग जिल्ह्यांत आहे. मोती तलावाच्या कांठीं असलेला राजवाडा तिसऱ्या खेम सावंतांच्या कारकीर्दींतला, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांतला. गांवांत चितार आळी आहे आणि तेथील दुकानांत लांकडी आंबे, केळीं, वांगीं, मिरच्या यांच्या टोपल्या मांडलेल्या असतात. परगांवचा पाहुणा वाडीहून निघतांना मुलांसाठीं ही लांकडी फळफळावळ घेतल्यावांचून सहसा निघत नाहीं.

या खेळण्यांसाठीं पूर्वीपासून पांगाऱ्याचें हलकें, मऊ लांकूड वापरीत. तें लेथवर सहज उतरतें, वजनाला कमी भरतें आणि मुलाच्या हातांत धोक्याचें होत नाहीं. कांतलेल्या लांकडावर लाखेचा रंग चढविण्याची रीत तर लेथचीच देणगी आहे. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांच्या फांद्यांवर राहणाऱ्या एका बारीक किड्यापासून लाख मिळते. शुद्ध करून, रंग मिसळून तिच्या कांड्या करतात. फिरत्या लांकडावर कांडी दाबून धरली कीं घर्षणानें उष्णता उत्पन्न होते. लाख सत्तर-ऐंशी अंशांच्या सुमारास मऊ होत असल्यामुळें ती वितळून लांकडावर पसरते. मग केवड्याच्या जातीचें पान घट्ट दाबून फिरविलें कीं थर सारखा होतो व चकाकी येते. कर्नाटकांतील चन्नपट्टणचीं प्रसिद्ध खेळणींहि याच तत्त्वावर होतात. येथें ना कुंचला, ना वाळण्यासाठीं वाट पाहणें. जें यंत्र आकार देतें तेंच रंग देतें. मात्र दाब किंचित् अधिक झाला तर लाख करपते, कमी झाला तर चिकटत नाहीं. हें ‘किंचित्’ किती, तें कोणत्याहि पुस्तकांत लिहितां येत नाहीं.

चितारी मंडळींची दुसरी विद्या गंजिफांची. गंजिफा म्हणजे हातानें रंगविलेले वाटोळे पत्ते. दशावतारी गंजिफेंत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगाचीं बारा पानें, अशीं १२० पानें असतात. मोगल पद्धतीच्या डावांत आठ रंगांचीं ९६ पानें. बाबराच्या आत्मचरित्रांत १५२७ सालीं त्यानें सिंधमधील आपल्या मित्राला गंजिफा पाठविल्याचा उल्लेख आहे, त्यावरून हा खेळ हिंदुस्थानांत केव्हांपासून आहे याची कल्पना येते. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीनें चिकटवून, घोटून, त्यावर चित्रें काढून शेवटीं लाखेचा लेप देत. छापील विलायती पत्ते स्वस्त मिळूं लागल्यावर गंजिफेचें गिऱ्हाईक सरलें. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें आणि दरबारी आश्रयहि आटला. लांकडी खेळण्यांना बाजार होता म्हणून तें काम कसेंबसें टिकलें. गंजिफेला बाजार नव्हता म्हणून ती विद्या एका वृद्ध कारागिराच्या हातापुरती उरली. त्यांचें नांव पुंडलिक चितारी.

येथें शिवरामराजे भोसले व त्यांच्या पत्नी सत्त्वशीलादेवी यांनीं जें केलें तें ध्यानांत घेण्यासारखें आहे. जुने पत्ते कपाटांत मांडून ठेवणें त्यांना सहज शक्य होतें. तेवढ्यावर न थांबतां त्यांनीं पुंडलिक चितारी यांच्याजवळ बसून ती कला स्वतः शिकून घेतली आणि मग गांवांतील तरुणांना शिकविण्याची व्यवस्था केली. १९७१ च्या सुमारास ‘सावंतवाडी लॅकर वेअर्स’ या नांवानें राजवाड्यांतच उद्योग सुरू झाला. गंजिफांबरोबर लाखकामाच्या पेट्या, बुद्धिबळाचे संच व घरगुती सामानहि होऊं लागलें. एके काळीं जेथें दरबार भरे त्या दालनांत कारागीर मांडी घालून काम करीत बसलेले लोकांनीं पाहिले.

या हकीगतींत वेळेचा भाग मोठा आहे. वृद्ध कारागीर हयात होते, त्यांचा हात चालत होता आणि शिकणारा त्यांच्यापर्यंत पोंचला. दहा-पंधरा वर्षें उशीर झाला असता तर रंग, कापड, चिंचोके व लाख हें सर्व साहित्य जसेंच्या तसें उपलब्ध असतें, जुने नमुनेहि असते, पण मधला दुवा नसता. नमुन्यावरून नक्कल करणाऱ्याला किती वेळां चुकावें लागलें असतें, याचा हिशेब कोणी करूं नये. ज्याच्या घरीं जुना लेथ आला आहे त्याची स्थिति याहून निराळी नाहीं. फक्त प्रमाण लहान आहे.

आतां यंत्राकडे वळावें. तें दुरुस्त करतांना क्रम महत्त्वाचा. प्रथम तळाची लांब लोखंडी बैठक पाहावी. तिच्यावरील तांबेरा रॉकेल व बारीक तारेचा ब्रश यांनीं काढावा. जाड कानस किंवा फिरता दगड लावूं नये, कारण त्या पृष्ठभागाचा सरळपणा हाच यंत्राचा प्राण आहे. नंतर डावीकडील डोक्यांत बसविलेला फिरता आंस हातानें फिरवून पाहावा. तो अडत असेल तर बहुधा जुनें तेल गोठलेलें असतें. तो वर-खालीं हलत असेल तर बेअरिंग झिजलेलें असतें. जुन्या यंत्रांत छऱ्यांऐवजीं पितळी मिश्रधातूचा बुश असतो. तो झिजला तरी चांगल्या यंत्रशाळेंत नवा कांतून मिळतो. मग उजवीकडचें सरकतें टोंक पुढें आणून डाव्या अणीशीं भिडवावें. दोन्ही अणी एकमेकींसमोर बरोबर आल्या तर निम्मी काळजी मिटली. त्या चुकत असतील तर यंत्र वेडेंवांकडें बसविलेलें आहे किंवा बैठकींत घाण आहे, असें प्रथम समजावें. भाग बदलण्याचा विचार शेवटीं करावा.

पट्टा चामड्याचा असून वाळलेला असल्यास मोह न धरतां बदलावा. जुनी विजेची मोटार दमट हवेंत वर्षानुवर्षें पडून राहिली असेल, तर माहितगार वायरमनकडून तपासून घेतल्याखेरीज ती विजेला जोडूं नये. जमिनीची तार तर असलीच पाहिजे. पट्ट्यावर व चाकावर झांकण बसवावें. सैल बाह्या, उपरणें, ओढणी व मोकळे केस या यंत्राजवळ नसावेत. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर फडकें असावें; बारीक भुसा फुप्फुसाला वाईट.

गतीचा विचार पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. चार इंच व्यासाचा तुकडा मिनिटास हजार फेरे फिरला तर त्याची कड मिनिटाला सुमारें १०४७ फूट धांवते. आठ इंचांचा तुकडा त्याच फेऱ्यांत २०९४ फूट. म्हणून तुकडा जितका मोठा तितके फेरे कमी, हा नियम. पट्टा निरनिराळ्या चाकांवर चढविण्याची पायऱ्यांची रचना जुन्या यंत्रांत याचसाठीं केलेली असते. प्रथम कांहीं वेळ लांकडाशिवाय, मंद गतीनें, यंत्र नुसतें फिरूं द्यावें व कान देऊन ऐकावें. नंतर मऊ, बिनगांठीचें, वाळलेलें लांकूड. हत्याराची पट्टी लांकडाच्या शक्य तितकी जवळ, पण न घासणारी. गोल पटाशीनें खडबडीत भाग उतरवावा, तिरकीनें गुळगुळीत करावा. धार वारंवार लावावी. लांकूड भुशासारखें पडूं लागलें तर धार गेली, आणि लांब कुरळी साल निघूं लागली तर हात जमला, असें समजावें.

जुईनगरसारख्या ठिकाणीं शेजारधर्माचाहि विचार केला पाहिजे. लहान यंत्र असल्यास जड लांकडी चौकटीवर, खालीं रबराची जाड चटई घालून बसवितां येतें, आणि दुपारच्या वेळीं थोडा वेळ चालवितां येतें. यंत्र मोठें असेल तर सदनिकेचा हट्ट धरूं नये. औद्योगिक पट्ट्यांतील एखादा लहान गाळा, ओळखीच्या सुताराची शेड किंवा गांवच्या घराची उरलेली पडवी हीच त्याची योग्य जागा. एखाद्या तांत्रिक शाळेनें तें कामासाठीं घेतलें तर वारसा बुडाला असें मानूं नये. दिवाणखान्यांत रंग देऊन, वर फुलदाणी ठेवून उभें केलेलें यंत्र त्याहून अधिक बुडालेलें असतें.

परंतु यंत्र कोठेंहि बसविलें तरी पहिल्या दिवशीं दोन माणसें त्याच्याजवळ असावींत. घरांत वृद्ध काका, मामा किंवा आजोबांचा जुना सहकारी असेल तर त्यांना खुर्ची देऊन जवळ बसवावें. त्यांना आतां काम झेपणार नाहीं. पण हत्यार चुकीच्या कोनांत लागलें कीं त्यांचा हात आपोआप पुढें येईल आणि त्यांना स्वतःला आठवत नसलेली गोष्ट तो हात सांगून जाईल. घरांत असें कोणी नसेल तर एखाद्या कांताऱ्याकडे जावें आणि चार रविवार नुसतें समोर बसावें. आणि मग घरांतील एखाद्या मुलाला किंवा मुलीला आपल्या समोर बसवावें. ओढावयाला दोरी उरली नाहीं, म्हणून निमित्त दुसरें शोधावें लागेल: भुसा झाडणें, हत्यार पुढें करणें, लाखेची कांडी धरणें. सावंतवाडीस राजवाड्यांतील माणसांनीं एका वृद्ध चिताऱ्यासमोर बैठक मारली तेव्हां कोठें ती विद्या पुढच्या हातांत गेली. जुईनगरच्या घरांत त्यासाठीं दरबाराचें दालन लागत नाहीं. एक पाट पुरतो.